आवाज गेला नव्हता

महाविद्यालयात असताना '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला. १९६८ सालच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक. पटकथा त्यांची आणि आर्थर क्लार्क यांची. त्यात यानाबाहेर गेलेल्या अंतराळवीरावर एक छोटे यान चाल करून येते. तो भिरकावला जातो, पण आवाज काहीच नाही. सभागृहात ओरडा झाला, "आवाज गेला!" त्यात आम्हीही होतो. पुढे कित्येक वर्षे आम्ही या चित्रपटाला कंटाळवाणा म्हणत आलो.

अलीकडे तो पुन्हा पाहिला आणि ओशाळलो. ध्वनीच्या प्रसारणासाठी माध्यम लागते, हे वाक्य लिहून आम्ही परीक्षेत गुण मिळवले होते. तेच पडद्यावर दिसले, तेव्हा मात्र यंत्र बिघडले असे वाटले!

चित्रपटातला आणखी एक प्रसंग शिक्षकांनी अवश्य पाहावा. बोमन हा अंतराळवीर शिरस्त्राणाविना मुख्य यानाबाहेर अडकला आहे. तो आपल्या छोट्या यानाचे दार स्फोटाने उडवतो. आतली हवा बाहेर झेपावते आणि तिच्यासोबत तोही समोरच्या उघड्या कक्षात फेकला जातो. स्फोट होतो, तो भिंतींवर आदळतो, सारे निःशब्द. मग तो दार बंद करून कक्षात हवा सोडतो आणि तिचा फुत्कार ऐकू येऊ लागतो.

काचेच्या हंडीतली विद्युत घंटा आठवा. हवा काढत जावे तसा तिचा आवाज मंदावतो. इथे तोच प्रयोग उलट्या क्रमाने दिसतो. शाळेतल्या पंपाने हंडी पूर्ण निर्वात होत नाही. शिवाय घंटेची कंपने आधारातून बाहेर पोहोचतात. त्यामुळे थोडा आवाज उरतोच आणि मुले बुचकळ्यात पडतात. अशा वेळी हा प्रसंग उपयोगी पडेल.

त्यात एक चूकही आहे. बोमन श्वास रोखून धरताना दिसतो. बाहेरचा दाब नाहीसा झाला की फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून श्वास सोडून द्यायला हवा. ही चूक मुलांनाच शोधू द्यावी.

प्रसंग दाखवण्यापूर्वी काही सांगू नये. कोणी "आवाज गेला!" असे ओरडले, तर रागावू नये. चित्रपट तिथेच थांबवावा आणि आवाज का गेला, हे त्यालाच विचारावे. आम्हाला तेव्हा कोणी विचारले नाही.