खाऱ्या वाऱ्यातला ओटा

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड निवडताना रंग आणि भाव नंतर पाहावेत. त्याआधी त्या ओट्यावर रोज काय सांडणार आहे, ते पाहावे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर याचे उत्तर ठरलेले आहे. आमसुलाचे आगळ, चिंचेचा कोळ, लिंबू, हळद-तेल, मासळी धुतल्याचे पाणी, शेगडीवरून उतरवलेले कालवणाचे पातेले. त्यात खिडकीतून येणारी खारी हवा. अलिबागला वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेवढा काळ भिंती, लाकूड, कापड काहीच नीट सुकत नाही.

उभ्याने रांधायचा ओटा तसा अलीकडचा. चूल, विळी, पाटा सगळे जमिनीवर असे आणि धुणीभांडी मोरीत होत. रॉकेलचा स्टोव्ह आला, 1955 मध्ये मुंबईत बर्मा शेलने सिलिंडरमधला गॅस विकायला सुरुवात केली, पुढे तो गावोगाव पोचला आणि कंबरेइतक्या उंचीची जागा लागू लागली. या किनाऱ्याला दगडाची वाण नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण इथे आहे, दक्षिणेकडे जांभा आहे. पण काळ्या पाषाणाला जागोजागी चिरा असतात. त्यातून पाटा-वरवंटा निघतो, कुलाबा किल्ल्याच्या तटाला लागले तसे चुन्याशिवाय रचलेले अजस्र धोंडे निघतात. सहा-सात फुटांची पातळ, सलग लादी क्वचितच निघते. जांभा सच्छिद्र, तो भिंतीचा चिरा. म्हणून ओट्याचा दगड बाहेरूनच आला: आंध्रातला कडप्पा, कर्नाटकातली शहाबादी फरशी, राजस्थानातला कोटा आणि संगमरवर.

या चौघांचे मूळ एकच, चुना. कडप्पा, शहाबाद आणि कोटा हे चुनखडक. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडक. आंबट पदार्थ चुन्याला विरघळवतो. ओल्या आमसुलांची वाटी रात्रभर संगमरवरावर राहिली, तर सकाळी तिथे फिकट, खरखरीत कडे दिसते. हा डाग नव्हे. दगडाचा वरचा थरच गेलेला असतो, त्यामुळे ते कडे कितीही घासले तरी निघत नाही. शिवाय मोह्सच्या दहाच्या मापावर चुन्याच्या स्फटिकाचा कठीणपणा फक्त तीन, सुरीच्या पात्याचा साधारण साडेपाच. सोलकढीच्या घरात संगमरवराचा ओटा घालूच नये. कडप्प्याला मात्र इतक्यात निकालात काढू नये. ओट्याखालचे उभे, मधल्या फळ्या, भांड्यांची मांडणी यांसाठी त्याच्यासारखा स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारा दगड नाही.

ओट्याच्या माथ्याला ग्रॅनाइट उत्तम. त्यातल्या गारेचा कठीणपणा सात, फेल्स्पारचा सहा. आंबटाने त्याला काही होत नाही, गरम पातेल्यानेही सहसा नाही. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या भाषेत बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. आंध्रातल्या चिमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ त्याच जातीचा. हे दगड घट्ट असतात, हळद-तेल शोषत नाहीत. फिकट, पांढुरके ग्रॅनाइट दिसायला प्रसन्न, पण त्यातले बरेचसे तेल पितात. त्यांना दर वर्ष-दोन वर्षांनी सीलर लावावा लागतो.

दुकानात तीन परीक्षा करता येतात. दगडावर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटांनी पुसावा. खाली गडद ठिपका राहिला तर दगड शोषतो. कोपऱ्यावर लिंबू पिळावे. चकाकी गेली तर तो चुनखडक. काळ्या लादीवर थिनरचा पांढरा बोळा फिरवावा. बोळा काळा झाला तर करड्या दगडाला रंग चढवलेला आहे.

क्वार्ट्झ नावाने विकली जाणारी लादी खाणीतून निघत नाही, कारखान्यात बनते. नव्वद टक्क्यांच्या आसपास गारेचा चुरा आणि बाकी राळ. डाग धरत नाही, सांधे दिसत नाहीत. पण राळ उष्णतेला कच्ची. चुलाण्यावरून थेट उतरवलेला भाकरीचा तवा तिथे कायमचा पिवळा ठसा उमटवतो. उन्हातही तिचा रंग बदलतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही लादी कोरडी कापताना गारेची जी बारीक धूळ उडते, ती कारागिराच्या फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लादीवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही गार असते, प्रमाण कमी इतकेच. म्हणून सिंकचे भोक आणि कडेची गोलाई घराच्या अंगणात कोरडी न कापता पाणी सोडून कापून घ्यावी आणि हे मजुरी ठरवतानाच बोलून ठेवावे.

टाइल्सचा ओटा स्वस्त. टाइल टिकते, सांधे काळे पडतात. स्टीलचा ओटा घ्यायचा तर समुद्राजवळ 304 प्रतीच्या पत्र्यावरही तपकिरी ठिपके येतात. 316 प्रतीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ते मिठाला पुरते.

किनाऱ्यावर मात्र ओटा वरून क्वचित बिघडतो, बिघडतो तो खालून. लादीखाली सळयांचा स्लॅब ओतला आणि त्यात खाडीची न धुतलेली रेती गेली, तर मीठ सळईपर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. काँक्रीट फुटते आणि वरचा निर्दोष ग्रॅनाइटही तडकतो. कडप्प्याच्या उभ्यांवर थेट टेकवलेल्या लादीला हा धोका नाही. पार्टिकल बोर्डाच्या ट्रॉल्या ओल पिऊन फुगतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात ज्या घरांची छपरे उडाली, तशा घरात दगड पुसून पुन्हा वापरता येतो, भुशाची फळी फेकावीच लागते. लाकूडच हवे असेल तर मरीन प्लाय घ्यावे.

माथ्याला सिंककडे किंचित उतार द्यावा आणि लादीच्या पुढच्या कडेला खालून खाच मारावी, म्हणजे पाणी मागे न वळता तिथेच गळते. उंची रांधणारीच्या कोपरापेक्षा चार-पाच इंच कमी ठेवावी; साधारण 32 ते 34 इंच येते. तांदळाची भाकरी रोज थापली जाते त्या घरी परातीपुरता भाग आणखी तीन-चार इंच खाली घ्यावा, खांदे भरत नाहीत. मासळी साफ करायला मागच्या पडवीत नळाजवळ वेगळा छोटा ओटा असावा. त्याला पॉलिशची गरज नाही. खरखरीत पाठीचा ग्रॅनाइट बरा, त्यावर ओली सुरमई हातातून निसटत नाही.