तापीच्या उत्तर तीरी

पूजेस यजमान पाटावर बसला, आचमन-प्राणायाम झाले, की उपाध्याय त्याच्या हाती पाणी आणि अक्षता देऊन जो संकल्प म्हणवितात, त्याकडे घरातील मंडळींचे लक्ष सहसा नसते. कोणी निरांजनाच्या वाती सारख्या करीत असते, कोणी प्रसादाचा शिरा ढवळीत असते, आणि स्वतः यजमानही पुढची षोडशोपचार पूजा हीच खरी, ही तिची नुसती प्रस्तावना, अशा समजुतीने ते शब्द पुटपुटत असतो. माझे मत मात्र याच्या अगदी उलट झाले आहे. नित्याच्या जिण्यात माणूस जो अर्थ शोधतो तो कर्मकांडात कोठे हाती लागत असेल, तर या चार-दोन ओळींच्या देशकालोच्चारातच, असे मला वाटते. आणि हे मत बनले ते बऱ्हाणपुरात.

संकल्पाची रचना पाहावी. ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या दुसऱ्या परार्धापासून त्याचा आरंभ होतो. मग पुराणांच्या हिशेबाने ४३२ कोटी वर्षांचा असणारा श्वेतवाराह कल्प, त्यातले वैवस्वत मन्वंतर, त्यातले २८ वे कलियुग, त्याचाही पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड, नदी आणि तिचे तीर. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आणि एवढी अफाट उतरण उतरून आल्यावर तळाशी भेटतो तो अमुक गोत्रात जन्मलेला, अमुक नावाचा, कालच्या उधारीच्या आणि मुलाच्या तापाच्या विवंचनेत असलेला एक मनुष्य. काळाच्या त्या पसाऱ्यात तो नगण्य ठरावा. पण ठरत नाही. उलट त्याच्या नावापर्यंत येऊन पोहोचल्यावाचून वाक्य पुरेच होत नाही. नंतर तो हातातले पाणी ताम्हनात सोडतो. आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा टाकण्यास 'पाणी सोडणे' म्हणतात, ते या उदकावरूनच.

हल्ली धार्मिक आचारांचे समर्थन करताना त्यांचे आरोग्यविषयक किंवा रासायनिक फायदे सांगण्याची प्रथा पडली आहे. ती मला रुचत नाही. जुन्या पोथ्यांची फलश्रुती निदान संतती आणि संपत्ती एवढ्यावर तरी थांबत होती. हे नवे समर्थक तुळशीचे वृंदावन औषधालयात नेऊन ठेवतात. मी कोण, कोठे आणि केव्हा, या तीन प्रश्नांना दररोज तोंडाने उत्तर देण्याची सवय ही काही फायद्याच्या खात्यावर मांडण्याजोगी वस्तू नव्हे.

महाराष्ट्रात छापलेल्या पोथ्यांतून नदीच्या जागी बहुधा गोदावरी असते. बऱ्हाणपुरातील एका आप्ताच्या घरी वास्तुशांतीच्या वेळी वृद्ध उपाध्यायांच्या तोंडून सवयीने तेच नाव निघाले. ते तत्क्षणी थांबले, त्यांनी पुन्हा आरंभ केला आणि तापीचे उत्तर तीर असे सावकाश उच्चारले. शहर तापीच्या उत्तर काठावर आहे, समोर दक्षिणेस जैनाबाद; खिडकीतून पात्र दिसत होते. एका शब्दाच्या त्या दुरुस्तीने तो विधी एकाएकी त्या घराचा झाला.

काळाच्या बाबतीत मात्र या शहरात एवढ्या सहजपणे दुरुस्ती होत नाही. फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याची ही राजधानी १७६० मध्ये उदगीरच्या तहाने पेशव्यांकडे आली, मग शिंद्यांकडे, मग इंग्रजी अमलात मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेली, आणि २००३ पासून मध्य प्रदेशचा स्वतंत्र जिल्हा झाली. महाराष्ट्रातले रावेर एवढे जवळ, आणि तरीही सरहद्दीपलीकडे. मराठी घरात अमावास्येस महिना संपतो, हिंदी शेजाऱ्याकडे पौर्णिमेस. म्हणून गुरुपौर्णिमा उलटताच शेजारी श्रावणी सोमवार सुरू होतात, तेव्हा मराठी घरात अजून आषाढाचा वद्यपक्ष असतो. आणि राखीपौर्णिमेस त्यांचा श्रावण संपल्यावर आपला आणखी पंधरा दिवस चालतो. गल्लीत श्रावण असा दीड महिना नांदतो. वडाचेही तेच. हिंदी भाषक सुवासिनी ज्येष्ठाच्या अमावास्येस त्याला सूत गुंडाळतात, आमच्या गणनेने तेव्हा वैशाख असतो. मराठी बायका पंधरवड्याने, वटपौर्णिमेस येतात, तेव्हा बुंध्यावरचे जुने दोरे अजून शाबूत असतात. १९५७ च्या २२ मार्चपासून भारत सरकारने अवघ्या देशासाठी एक सौर दिनदर्शिका अमलात आणली. ती राजपत्रावर राहिली आणि व्रते चंद्राच्याच हिशेबाने चालू राहिली. आणि हा भेद काही हिंदूंपुरता नाही. ज्यांचा पूज्य दर्गा-ए-हकीमी याच शहरात आहे, ते दाऊदी बोहरा गणिताने बांधलेली हिजरी दिनगणना पाळतात, तर सुन्नी मुसलमान चंद्रदर्शनाची वाट पाहतात. त्यामुळे ईदही एक-दोन दिवसांच्या अंतराने दोनदा उगवते.

हे सारे मनात घोळवीत मी जामा मशिदीत गेलो होतो. काळ्या दगडाची ती भव्य वास्तू फारुकी राजा आदिलशहा ऊर्फ राजा अली खान याने बांधविली. आत अरबी लेख आहे, तसाच एक संस्कृत लेख देवनागरीत कोरलेला आहे. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन. तो अव्यक्त, सर्वव्यापी, गुणातीत आहे असे त्याचे वर्णन. मग राजाची वंशावळ. आणि मग तो भाग, ज्याने मी जागच्या जागी खिळलो. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी, सोमवार, आणि त्यापुढे घटिकांसह नक्षत्र, योग, करण. पंचांगाची पाचही अंगे. इंग्रजी हिशेबाने हा जानेवारी १५९०. पेशवे दप्तरातील पत्रांवर शकाच्या जोडीने मुसलमानी चंद्राची तारीख असते हे ठाऊक होते. पण तो व्यवहार झाला. येथे एक सुलतान आपल्या उपासनेच्या घराची नोंद करताना उत्तरेचा संवत आणि दक्षिणेचा शक दोन्ही घेतो आणि यजमानासारखा देशकालोच्चार करून आपले नाव सांगतो. कोणा ज्योतिषाने तो दिवस काढून दिला असेल, कोणा शास्त्र्याने मजकूर रचला असेल. त्यांची नावे दगडावर नाहीत.

त्या लेखातील तिथी शुद्धपक्षातली आहे. शुद्धपक्षात मराठी आणि हिंदी महिन्याचे नाव एकच असते. भेद पडतो तो वद्यात. तापीची जयंतीही अशीच, आषाढ शुद्ध सप्तमीस येते. मुलताईपासून सुरतेपर्यंत या सूर्यकन्येचा वाढदिवस त्या दिवशी साजरा होतो. बऱ्हाणपुरात राजघाटावर मी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाणी गढूळ होते, वाराही होता. माझ्या शेजारी एक आजीबाई पानाच्या द्रोणातला दिवा पदराने आडोसा करून लावीत होत्या, दोनदा विझला. तिसऱ्यांदा पेटल्यावर त्यांनी तो पाण्यावर सोडला, नातवाला पुढे घेतले, त्याचे पूर्ण नाव, मग बापाचे, मग गावाचे, असे सगळे त्याच्याकडून नदीला मोठ्याने सांगविले, आणि दिवा वळणाआड जाईपर्यंत त्याचा हात धरून उभ्या राहिल्या.