शेत आहे, पण शेताला नंबर नाही

आजोबा वारले. जमीन त्यांच्याच नावावर राहिली. आधी मुलांनी कसली, मग नातवंडांनी. भांडण नव्हते म्हणून वाटणी झाली नाही आणि सगळे घरचेच, म्हणून कागदही झाला नाही. वाचकांपैकी अनेकांना ही आपल्याच घरातली हकीकत वाटेल. आम्ही मात्र ती सांगतो आहोत जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, कॅरोलिना या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या काळ्या शेतकरी कुटुंबांची.

तिथे अशा जमिनीला 'वारसांची मालमत्ता' म्हणतात. मृत्युपत्र न करता मालक गेला की जमीन सर्व वारसांची सामाईक होते. वकिलाकडे जायचे तर पैसा हवा आणि न्यायालय आपले म्हणणे ऐकेल हा भरवसाही हवा. त्या काळी काळ्या कुटुंबांकडे दोन्ही नव्हते. काही पिढ्यांत एकाच शेताचे तीस-चाळीस हिस्सेदार होतात. त्यातला एक चुलत भाऊ शिकागोत, एक आत्या डेट्रॉइटमध्ये, आणि नांगर धरणारा मात्र एकटा.

आता सरकारी मदतीकडे येऊ. अमेरिकेत शेतकऱ्याची गाठ आधी त्याच्या काउंटीतल्या कार्यालयाशी पडते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण बहुतेक ठिकाणी लोकसंख्येने कितीतरी लहान. तिथे शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांतूनच निवडलेली एक समिती असते. कर्जे, आपत्तीची भरपाई, भावाचा आधार ही कामे या कार्यालयातून चालतात. जमीन आणि पाणी राखण्यासाठीचा निधी ज्या खात्याकडून मिळतो, त्याची सुरुवात १९३५ साली झाली. मैदानी राज्यांत दुष्काळ आणि बेसुमार नांगरट यांमुळे माती उडून वाऱ्यावर जात होती. त्या वर्षी १४ एप्रिलला धुळीचे असे वादळ उठले की भरदिवसा अंधार झाला. ह्यू हॅमंड बेनेट हे मृदातज्ज्ञ कित्येक वर्षे हेच ओरडून सांगत होते. वादळानंतर पंधरवड्याच्या आत मृदसंधारणाचा कायदा झाला आणि नव्या खात्याची सूत्रे बेनेट यांच्याकडे आली.

आज या खात्याच्या एका मोठ्या योजनेत कुंपण, विहीर, ठिबक, हरितगृहासारखा प्लॅस्टिकचा मांडव, जमीन झाकणारी पिके अशा कामांच्या खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते. साधारण मर्यादा ७५ टक्के. २०१८ च्या कायद्यात नव्या, गरीब आणि आजवर डावलल्या गेलेल्या शेतकऱ्यांसाठी ती ९० टक्क्यांपर्यंत ठेवली होती आणि निम्मी रक्कम आगाऊ देण्याची सोयही होती. ही आगाऊ रक्कम महत्त्वाची, कारण एरवी पैसे काम झाल्यावर मिळतात. शिवाय करार होण्याआधी काम सुरू केले तर त्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. हातात रोकड नसलेल्या माणसाला ९० टक्के अनुदान कागदावरच दिसते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण या सगळ्याच्या आधी एक दार आहे. शेताची नोंद काउंटीच्या कार्यालयात व्हावी लागते आणि तिला एक नंबर मिळावा लागतो. नंबर हवा तर जमीन आपल्या ताब्यात असल्याचा पुरावा द्या. वारसांच्या मालमत्तेवर कसणारा माणूस तो कुठून आणणार? वीस वर्षे त्याने कर भरलेला असतो, पण कागदावर नाव मयत आजोबांचे. कर्ज नाही, भरपाई नाही, विहीर नाही.

आणि ज्यांच्याकडे कागद होते त्यांचे तरी काय झाले? नॉर्थ कॅरोलिनातले टिमोथी पिगफोर्ड आणि इतर काळ्या शेतकऱ्यांनी १९९७ साली कृषिखात्यावर दावा लावला. काउंटी कार्यालयांत आमची कर्जे नाकारली जातात किंवा पेरणी उलटून जाईपर्यंत अडकवली जातात, तक्रार केली तर कोणी पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९९९ साली तडजोड झाली. पात्र ठरलेल्या बहुतेकांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. मुदतीनंतर आलेल्यांसाठी २०१० साली आणखी १२५ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९२० साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांहून अधिक काळे शेतकरी होते. आता ते पन्नास हजारांच्याही आत आहेत. भरपाई आली तोवर अनेकांची शेती गेलेली होती. समिती शेतकऱ्यांनीच निवडलेली असली म्हणजे न्याय होतोच असे नाही. गावातले बळ ज्यांच्याकडे, समिती त्यांची, ही गोष्ट आपणही जवळून पाहिली आहे.

वारसांच्या जमिनीला आणखी एक कीड होती. एखादा परका गुंतवणूकदार दूरच्या नातलगाचा छोटासा हिस्सा स्वस्तात विकत घेई आणि न्यायालयात जाऊन अख्ख्या जमिनीच्या विक्रीचा हुकूम मिळवी. लिलावात जमीन कवडीमोलाने जाई आणि घेणारा बहुधा तोच असे. २०१० पासून एक नमुना कायदा तयार आहे आणि अनेक राज्यांनी तो स्वीकारला आहे. त्यात आधी योग्य किंमत ठरवली जाते आणि मग विकू पाहणाऱ्याचा हिस्सा घेण्याची पहिली संधी कुटुंबाला मिळते.

नंबराचे दार किलकिले झाले तेही २०१८ च्याच कायद्याने. आता निर्वेध मालकीपत्र नसले तरी चालते. बहुसंख्य हिस्सेदारांनी सह्या केलेला सामाईक कसण्याचा करार, मागील पाच वर्षांची कर-विवरणपत्रे किंवा न्यायालयाचा आदेश, यांतले एखादे दाखवले तरी नंबर मिळू शकतो. २०२१ साली वारसांचा गुंता सोडवण्यासाठी ६.७ कोटी डॉलरचा कर्जनिधीही जाहीर झाला. वकिलाची फी द्यायला, मोजणी करायला, विकू पाहणाऱ्या भावंडाचा हिस्सा घरातच ठेवायला तो वापरता येतो.

कागदांच्या यादीतला तो सह्यांचा करार आम्हाला सगळ्यांत अवघड वाटतो. त्यासाठी शिकागोतल्या चुलत भावाला आणि डेट्रॉइटच्या आत्याला आधी शोधून काढावे लागते. आपल्याकडेही सातबाऱ्यावर मरहूम आजोबांचे नाव तसेच असेल आणि वारसनोंद लावायची म्हटली, तर पहिला प्रश्न हाच येतो: मुंबईला गेलेला काका, आखातातला भाऊ आणि सासरी नांदणाऱ्या बहिणी यांची नावे तलाठ्याच्या अर्जात लिहिली आहेत का? बहिणींची नावे 'विसरण्याची' रीत आपल्याकडे किती जुनी आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक.