भार टाकूनच मोजा

वर्धा शहराला खेटून असलेल्या बोरगाव मेघेत उन्हाची वाण नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तरीही छोट्या इलेक्ट्रॉनिक प्रयोगांसाठी गच्चीवर ठेवलेला सौर चार्जर नेमका भर दुपारी रुसतो. मल्टिमीटर लावला की पॅनलवर ७ व्होल्ट दिसतात, म्हणून पॅनल निर्दोष ठरते आणि चांगली बॅटरी भंगारात जाते. मीटर खोटे बोलत नाही, पण तो पॅनलकडून जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. अंधूक उजेडातही मोकळ्या पॅनलचे व्होल्टेज फारसे उतरत नाही. प्रवाह मात्र उजेडाच्या प्रमाणात घटतो. म्हणून दोष शोधायचा तर चार्जर जोडलेला असताना, चालू स्थितीत मोजले पाहिजे.

असे मोजले की दोन कारणे समोर येतात. पहिले, मागणी आणि पुरवठ्याचा बेबनाव. ६ व्होल्ट, १ वॅटचे पॅनल फार तर १६५ मिलीअँपिअर देते, तर लिथियम बॅटरीसाठी सर्रास वापरले जाणारे टीपी४०५६ सर्किट १.२ किलोओहमच्या रेझिस्टरमुळे १००० मिलीअँपिअर मागते. एवढी ओढ बसताच पॅनलचे व्होल्टेज कोसळते आणि चार्जिंग अडखळू लागते. तिथे १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की मागणी सुमारे १३० मिलीअँपिअरवर येते. दुसरे कारण उष्णता. सिलिकॉनच्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्टने घटते. पॅनलवरचे ६ व्होल्ट २५ अंशांना मोजलेले असतात. उन्हात सेल ६५ अंशांवर गेले, तर १२ सेलच्या पॅनलचा जवळपास १ व्होल्ट जातो. वाटेत साधा डायोड असेल तर तो आणखी ०.७ व्होल्ट खातो. उरतात ४.३ व्होल्ट, आणि पूर्ण भरायला लिथियम बॅटरीलाच ४.२ लागतात. शॉट्की डायोड बसवला तर घट ०.३ व्होल्टच्या आसपास राहते.

मोठे पॅनल लावले की झाले, असे कोणी म्हणेल. त्याने प्रवाह वाढेल हे खरे. पण तेही ६ व्होल्टचेच असेल तर उन्हातली व्होल्टेजची घट तशीच राहील. शिवाय पॅनलच्या पाठीला चिकटवलेली बॅटरी तापतच राहील, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक आहे. ती सावलीत, पॅनलपासून दूर ठेवावी. सुटे भाग स्वस्त आहेत, मग एवढे मोजायचे कशाला, हा आक्षेपही टिकत नाही. मूळ चूक तशीच राहिली तर नवा भागही तिथेच अडेल. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्यातल्या ज्या मगनवाडीत उभे राहिले, ती इथून जवळच आहे. आपले साधन आपल्याला कळावे, हा विचार या परिसराला परका नाही. त्याची आजची पहिली पायरी म्हणजे चार्जर चालू ठेवून घेतलेली दोन मापे: पॅनलपाशी एक, बॅटरीपाशी एक. त्यांच्यातला फरकच दोष कुठे आहे ते सांगतो.