दोष हेल्याचा की उन्हाळ्याचा?



ज्येष्ठ-आषाढात म्हैस दोनतीनदा उलटली, की घरोघर बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो म्हैस भाकड, कोणी म्हणतो हेला निकामी. मग दोघांपैकी एकाला बाजाराची वाट दाखवली जाते. तसे करण्यापूर्वी थोडा हिशेब करा.

नराचे शुक्रजंतू एका दिवसात तयार होत नाहीत. ते घडून पक्व व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. हे काम अंडकोशात चालते, आणि तिथे शरीरापेक्षा चार-पाच अंश गारवा लागतो. म्हणून तर निसर्गाने अंडकोश शरीराबाहेर ठेवला. आता हेल्याचे कातडे काळे, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी बैलापेक्षा कमी. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४४-४५ अंशांवर चढला, की हा गारवा टिकत नाही. शुक्रजंतू कमी होतात, अधू निघतात. परिणाम मात्र जून-जुलैत दिसतो, पाऊस पडून हवा निवल्यावर! उन्हाळ्याचा गुन्हा असा हेल्याच्या माथी बसतो. त्यात म्हशीचा उन्हाळी माज मुका. तो ओळखूच येत नाही.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर उंट घेऊन विदर्भात हिंडणारे कच्छचे रबारी तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या उंटाची मस्ती मुख्यतः हिवाळ्यातली. हेला मात्र बारमाही. फक्त त्याचा कस ऋतूबरोबर वरखाली होतो.

आता जातीचे पाहू. मुऱ्हा ही रोहतक-हिसारकडची जात, दुधाला सरस. आपली नागपुरी दुधाला तिच्याहून कमी. पण तलवारीसारख्या मागे वळलेल्या शिंगांची ही जात विदर्भाच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. मुऱ्हा हेला आणायचा तर सावली-पाण्याची सोय आधी करा. कोणत्याही जातीचा असो, हेला निवडताना त्याच्या आईचे दूध विचारा. पारडीत अर्धा वाटा बापाचा असतो. आणि दर दोन-तीन वर्षांनी हेला बदला, म्हणजे त्याच्याच लेकी त्याला दाखवल्या जाणार नाहीत.

उन्हाळ्यात करायचे काय? दुपारी हेल्याला बोडीत डुंबू द्या. बोडी आटली असेल तर अंगावर पाणी मारा. नुसत्या तणसावर ठेवू नका. हिरवा चारा, थोडी पेंड आणि क्षारमिश्रण द्या. म्हैस पहाटे किंवा सांजेला दाखवा. कृत्रिम रेतनाचा मार्गही आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेले हिवाळ्यातले रेत मे महिन्यातही कामी येते. मात्र मुका माज ओळखायला मालकाची नजर हवी.

गुरुजनांना एक विनंती. मुलांकडून गावातल्या म्हशींची वही ठेववा: फळवल्याची तारीख, उलटल्याची तारीख, व्यायल्याची तारीख. गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा. दोन वर्षांची वही पुरी झाली, की कोणत्या महिन्यात म्हशी अधिक ठरतात ते मुलेच सांगतील.

तोवर हेल्याला दिवाळीपर्यंत मुदत द्या. गारव्यातही म्हशी ठरेनात, तर पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्या. निकाल त्यानंतर.