यंत्राची सूचना आणि नवख्यांची नजर

वैद्यकीय शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते: यंत्राची जोड मिळाली की नवखा निवासी डॉक्टर ज्येष्ठ तज्ज्ञाच्या बरोबरीला येतो, तेव्हा क्ष-किरण फिल्म वाचायला शिकण्यात त्याची वर्षे कशाला घालवायची? हे विधान तपासले गेले आहे आणि तपासात ते टिकलेले नाही, पण ते करणाऱ्यांना त्याची फिकीर नसते.

जर्मनीतील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ क्ष-किरणतज्ज्ञांनी ५० मॅमोग्राम, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा, पाहून प्रत्येकीला ‘बाय-रॅड्स’ ही कर्करोगाच्या संशयाची श्रेणी दिली. शेजारी यंत्राची म्हणून एक श्रेणी दाखवली जात होती. पहिल्या १० प्रतिमांत ती बरोबर होती, त्यामुळे विश्वास बसला, आणि उरलेल्या ४० पैकी १२ प्रतिमांत ती मुद्दाम चुकवलेली होती. सूचना बरोबर असताना नवख्यांची सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर आली, चुकीची असताना जेमतेम २० टक्के. अत्यंत अनुभवी तज्ज्ञही ८२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांच्या आसपास घसरले, पण नवख्यांइतके नाही. आणि ते स्वाभाविकच होते, कारण ज्याला गणित स्वतः सोडवता येत नाही, त्याला शेजाऱ्याच्या वहीतली चूक दिसणार कशी?

यंत्र चुकतच नाही, हा दावाही पोकळ आहे. न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीची तपासणी २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात असे दिसले की, डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ फिल्मच्या कोपऱ्यात जे धातूचे अक्षर ठेवतो, त्यासारख्या खुणांवरून फिल्म कोणत्या रुग्णालयाची हे प्रणालीला ओळखता येत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असल्याने फुप्फुसाऐवजी पत्ता वाचूनही तिचे बरेचसे भागत होते.

क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आता थांबवावे, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते. त्यांनी दिलेली पाच वर्षांची मुदत केव्हाच उलटली आणि तज्ज्ञांची गरज कायम आहे. मुरलेल्या डॉक्टरांच्या कौशल्याला तरी यंत्रापासून धोका नाही, असे म्हणावे, तर पोलंडमधील चार केंद्रांच्या २०२५ च्या निरीक्षणात, यंत्राची सवय लागल्यानंतर त्याच्याविना केलेल्या कोलोनोस्कोपींत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत, अ‍ॅडेनोमा या गाठी आढळण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले होते.

याउलट, शस्त्रक्रियेचा आभासी सराव देणाऱ्या यंत्राची ‘सिम्युलेटर म्हणजे व्हिडिओ गेम’ ही हेटाळणीही अज्ञानातूनच येते. आभासी सरावानंतर पित्ताशयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या चुका इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी असल्याचे येल विद्यापीठातील २००२ च्या प्रयोगात दिसले. मात्र तो सराव ठरावीक तास भरेपर्यंत नव्हे, तर अनुभवी शल्यविशारदांनी त्याच यंत्रावर गाठलेली पातळी येईपर्यंत करायचा होता.