भंडारदऱ्याचा सीझन कोणता?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांकडून प्रश्न आला होता. तो तत्त्वज्ञानाचा नाही म्हणून संयोजकांनी बाजूला ठेवला होता. आम्ही तो मागून घेतला. प्रश्न असा : मुलगा-सून परदेशात असतात, सगळ्यांनी मिळून ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर सुट्टीला जायचं घाटतंय, तर तिथे कोणत्या ऋतूत जावं?

सँटोरिनीला आम्ही गेलेलो नाही, पण एवढं सांगता येतं. भूमध्य समुद्राच्या काठचं हवामान आपल्या उलट. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पांढऱ्या घरांमधल्या बोळांतून चालणं मुश्कील होतं. मोठ्या जहाजांनी येणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला ८,००० अशी मर्यादा घालण्याची वेळ तिथल्या लोकांवर आली. हिवाळ्यात उलटं, बरीच हॉटेलं आणि खानावळी कुलुपबंद. तेव्हा मे महिना किंवा सप्टेंबरची अखेर. झालं उत्तर.

पण प्रश्नानं आमची पाठ सोडली नाही. कारण हाच प्रश्न लोक आम्हाला आपल्या जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याबद्दल वर्षानुवर्षं विचारत आले आहेत. ‘सर, सीझन कोणता?’ यात एक गृहीतक दडलेलं आहे. जागेला एक उत्तम चेहरा असतो, तो अमुक महिन्यात दिसतो, आणि तो पाहिला की जागा पाहून झाली. आज या गृहीतकाचं काय करायचं ते बघू.

आधी शब्द पाहा. आपल्याकडे तीन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ऋतू संस्कृतातला. हंगाम फारसीतून आला आणि शेतात जाऊन बसला. आपण भाताचा हंगाम म्हणतो, उसाचा गळीत हंगाम म्हणतो. मोसम अरबीतला, त्याच शब्दावरून इंग्रजांचा ‘मान्सून’ झाला. आणि आता चौथा, सीझन. हा मात्र हॉटेलवाल्याच्या वहीतला शब्द आहे. सीझन म्हणजे खोलीचा भाव दुप्पट होण्याचे दिवस. भंडारदऱ्यात हे चारही एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

जागा थोडक्यात सांगतो, बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी. अकोले तालुका, जिल्ह्याचं पश्चिम टोक, सह्याद्रीचा माथा. एका अंगाला कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. दुसऱ्या अंगाला रतनगड. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते आणि तिलाच अडवून भंडारदऱ्याचं दगडी धरण बांधलं. काम १९१० च्या सुमारास सुरू झालं, १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. साधारण अकरा टीएमसी पाणी. आता पावसाचं गणित बघा. धरणामागे घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. आणि नगर शहरात पाच-सहाशे. एकच जिल्हा, पण पश्चिमेला छत्री टिकत नाही आणि पूर्वेला ती लागत नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो महिना ऑगस्ट होता. कुणीतरी सांगितलं होतं, पावसाळ्यात स्वर्ग असतो. तलाव दिसणारी खोली हवी म्हणून जास्तीचे पैसे मोजले. तीन दिवस राहिलो आणि तलाव दिसला नाही. खिडकीबाहेर पांढरा पडदा. हात लांब केला तर बोटं दिसायची, एवढंच. अंथरूण दमट, काडीपेटी पेटेना. तिसऱ्या दिवशी चिडून बाहेर पडलो आणि शेंडीच्या पुढे रस्त्याच्या कडेच्या खाचरात भाताची आवणी चाललेली दिसली. त्या वर्षी पाऊस उशिरा धरला होता, म्हणून लावणी रेंगाळली होती. घुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, आणि हातातली रोपांची जुडी भराभर संपत होती. एक बाई वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, ‘काय बघाया आले, बाबा?’ आम्ही म्हटलं, धरण. त्या म्हणाल्या, ‘मंग उन्हाळ्यात यायचं. आता त्याला भरू द्या ना!’

हे ‘भरू द्या ना’ आम्ही पुढे अनेक वर्षं वर्गात वापरलं. कसं, ते सांगतो.

जैन दर्शनात द्रव्य आणि पर्याय अशी जोडी आहे. द्रव्य म्हणजे टिकणारी वस्तू, पर्याय म्हणजे तिच्या बदलत्या अवस्था. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त यावर एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला. ज्याला घडा हवा होता तो रडतो. ज्याला मुकुट हवा होता तो हसतो. आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला सुखही नाही, दुःखही नाही. घटना एकच, पण तिघांच्या मनात तीन गोष्टी, आणि तिघांनाही आधार आहे. नाश खरा, उत्पत्ती खरी, टिकणंही खरं.

आता तो ऑगस्ट घ्या. धुकं आणि धो धो पाऊस. तलावाची खोली घेतलेला प्राध्यापक रडतो. आवणी करणारी बाई खूश आहे, कारण वर्षाचा तांदूळ त्या चिखलात आहे. तिसरा कोण? आम्ही बरीच वर्षं समजत होतो की तिसरा म्हणजे खाली राहुरी-श्रीरामपूरकडे बसलेला ऊसवाला. तो इथे कधी फिरकतही नाही, फक्त रोज सकाळी वर्तमानपत्रात धरणातल्या साठ्याचा आकडा वाचतो. १५ ऑगस्टच्या आत भंडारदरा भरलं का, ही आपल्या जिल्ह्यात दरवर्षीची बातमी असते. पण हा मनुष्य मध्यस्थ कुठला? तो तर सर्वांत जास्त गुंतलेला! प्रवरेच्या कालव्यांवर शेती बागायती झाली, तिच्या जोरावर १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, सगळं अर्थकारण त्या आकड्यावर. म्हणजे समंतभद्रांचा तिसरा मनुष्य, ज्याला सोनंच हवं आहे, तो भंडारदऱ्यात आम्हाला सापडलेला नाही. आम्ही स्वतःला तो समजत होतो, पण खोलीचे पैसे फुकट गेले म्हणून आम्हीही कुरकुरत होतोच.

आता छत्री धबधब्याची गंमत. धरणाच्या पायथ्याशी हा अंब्रेला फॉल आहे, फोटोत पाहिला असेल. खडकावरून पाणी चहूबाजूंनी छत्रीसारखं पसरतं. लोक विचारतात, तो कोणत्या ऋतूत असतो? खरं उत्तर असं की तो ऋतूत नसतो, तो पाटबंधारे खात्यात असतो! धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की धबधबा, बंद केलं की कोरडा खडक. खाली पिकांना आवर्तन द्यायचं ठरलं की भर उन्हातसुद्धा पाणी सुटतं. निसर्ग म्हणून आपण ज्याचा फोटो काढतो, त्याच्यामागे एक बैठक, एक ठराव आणि एक चावी फिरवणारा कर्मचारी असतो.

मेच्या अखेरीला काजवे येतात. हा सध्याचा सर्वांत मोठा सीझन, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे ती याची. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे लुकलुकायला लागतात, आणि काही झाडांवर तर एका ठेक्यात, म्हणजे सगळं झाड पेटतं आणि विझतं. मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत, जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या प्रकाशात उष्णता जवळपास नसते. पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो निघतो. पण तो कशासाठी निघतो? नर-मादीनं एकमेकांना शोधण्यासाठी. अळी म्हणून हा जीव कित्येक महिने जमिनीत, पाचोळ्यात, गोगलगाई खात काढतो. पंख फुटल्यावर हाताशी थोडे दिवस, आणि त्यात जोडीदार सापडायचा तो अंधारात.

त्या अंधारात आपण येतो. शनिवारी रात्री घाटघर-रतनवाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, मोबाइलच्या विजेऱ्या, कुणी मुलांना दाखवायला बाटलीत धरलेले. ज्या उजेडाला पाहायला आलो तो आपल्याच उजेडात बुडतो. वन विभाग वेळेची बंधनं घालतो, वाहनं अडवतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. पण गावातल्या पोरांना त्या तीन आठवड्यांत तंबू, जेवण, वाटाड्या यातून जे पैसे मिळतात ते वर्षभर मिळत नाहीत. त्यांना ‘बंद करा’ म्हणायला आम्ही कोण? आमचं पेन्शन दरमहा येतं. एवढंच सुचतं की गाडी गावात ठेवून गावच्या माणसाबरोबर पायी जावं, दिवा न लावता. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढं थांबणं कठीण जातं लोकांना.

आणि याच दिवसांत, दिवसा, काय दिसतं? धरणाची पातळी उतरलेली, काठची माती भेगाळलेली, आणि डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत. पाच हजार मिलिमीटर पाऊस काळ्या कातळावरून वाहून जातो, आणि अडवलेलं पाणी खालच्या तालुक्यांचं. रात्री काजवे पाहिलेला पर्यटक सकाळी उशिरा उठतो, त्यामुळे हे त्याला दिसत नाही. ज्याला दिसतं त्यानं हॉटेलात दुसरी बादली मागताना थोडं थांबावं.

बाकीचे महिने भराभर सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी आणि कारळ्याची पिवळी फुलं, धुकं विरळ, रंधा धबधब्याला अजून पाणी असतं. नवरात्रात कळसूबाईवर यात्रा. ज्यांना एकदाच जायचं आहे त्यांनी तेव्हा जावं, आम्ही भांडणार नाही. नोव्हेंबरात भात कापून झोडून झाला की अनेक कुटुंबं मजुरीला नारायणगावकडे उतरतात. आपल्याला थंडी, निळं आकाश, निवांत गाव फार आवडतं. हे निवांतपण कुठून आलं, ते बंद दारं बघून कळतं. साम्रदची सांदण दरी याच कोरड्या महिन्यांत उतरायची. पावसात त्या चिरेतून लोंढे धावतात, तिकडे फिरकायचं नाही. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर तिरप्या हिवाळी उन्हात पाहावं, कोरीव काम तेव्हा उठून दिसतं. शिलाहारकालीन मानतात ते.

मग उन्हाळा तोंडावर आला की खाचरात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवतात, त्या राखेत पुढे भाताचं रोप टाकायचं. डोंगरभर धूर. मुंबईचे एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, छे, फारच वाईट वेळी आलो, सगळं जळकं! आम्ही त्यांना ऑगस्टमधल्या त्या बाईंची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, म्हणजे ऑगस्टमध्ये यायला हवं का?

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना आमचं सांगणं असं. सँटोरिनीला मेमध्ये जा, खुशाल जा. पण तिथे उतराल त्या घरच्या माणसाला विचारा, जानेवारीत तुम्ही काय करता? आणि परत आल्यावर आपल्या भंडारदऱ्याला दोनदा जा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा भर जुलैमध्ये, त्याच घरी. खोली तलावाकडची घेऊ नका, जास्तीचे पैसे वाचतील.

चला, वेळ झाली. आता प्रश्न घेऊ या.